बाळंतविड्यातले दुपटे आणि तिरका जाणारा काठ

वाचकाचे पत्र (सारांश) : नाशिकच्या इंदिरानगर भागात राहणाऱ्या एका ४१ वर्षांच्या वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेब विभागात काम करतात. धाकट्या बहिणीला सातवा महिना लागला असून तिच्या बाळंतविड्यात आपल्या हाताने क्रोशावर विणलेले दुपटे असावे, अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. त्यासाठी त्यांनी गडद जांभळ्या रंगाची मखमली लोकर आणि सुयांचा संच मागवला आणि रात्रीच्या जेवणानंतर मोबाइलवरील व्हिडिओ पाहून खांबांच्या (क्रोशातल्या उंच, उभ्या टाक्यांच्या) ओळी विणायला सुरुवात केली. महिना उलटला, तरी प्रत्येक तुकडा खाली रुंद आणि वर निमुळता होतो. त्या डावखुऱ्या आहेत. सासूबाई बारीक दोऱ्याच्या क्रोशात निष्णात असून त्यांनी विणलेले रुमाल आणि तोरणे नात्यातल्या अनेक रुखवतांत मांडली गेली आहेत. एकदा सुनेचा तुकडा पाहून त्या म्हणाल्या, ‘हे हातात असावं लागतं.’ तेव्हापासून या भगिनी खोलीचे दार लावून विणतात. त्या विचारतात : क्लास लावावा, सासूबाईंनाच विचारावे, की हातात कला नसलेल्या डावखुऱ्या माणसाने हा नाद सोडून तयार दुपटे विकत आणावे?

प्रिय वाचक मैत्रिणीस,

पत्रासोबत तुम्ही तुकड्याचे छायाचित्र पाठवले हे फार चांगले केले, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या छायाचित्रात आहे. क्लास, सासूबाई किंवा विकतचे दुपटे असे तीन पर्याय मांडताना तुम्ही एक गोष्ट आधीच ठरवून टाकली आहे, ती अशी की दोष तुमच्या हातात आहे. छायाचित्रावरून मला तसे वाटत नाही. हाताला वळणच नसते, तर तुकड्याचे काठ कुठे आत, कुठे बाहेर असे वेडेवाकडे गेले असते. तुमच्या तुकड्याचे दोन्ही काठ तिरके असले तरी सरळ रेषेत तिरके आहेत. याचा अर्थ प्रत्येक ओळीत एकच चूक, एकाच जागी, न चुकता होत आहे, आणि अशी चूक एकदा सापडली की एका बैठकीत दुरुस्त होते.

ती चूक बहुधा पुढीलप्रमाणे आहे. खांबांची एक ओळ संपवून काम उलटवले, की नव्या ओळीची उंची गाठण्यासाठी आपण तीन साखळ्या, म्हणजे सुईवरच्या वेढ्यातून नुसता दोरा ओढून केलेले साधे टाके, घालतो. या तीन साखळ्या नव्या ओळीतला पहिला खांब म्हणून मोजल्या जातात, म्हणून पुढचा खांब खालच्या ओळीतल्या दुसऱ्या टाक्यात घालायचा असतो. इथपर्यंत व्हिडिओ पाहून बहुतेकांना जमते. घोटाळा होतो तो ओळीच्या शेवटी. खालच्या ओळीच्या आरंभी घातलेल्या त्या तीन साखळ्या आता या ओळीच्या टोकाला आलेल्या असतात, पण त्या इतर खांबांपेक्षा बारीक दिसतात आणि काठाला बिलगून बसतात, त्यामुळे ओळ संपली असे वाटून आपण काम उलटवतो. प्रत्यक्षात त्यांतल्या सर्वांत वरच्या साखळीत शेवटचा खांब घालायचा राहिलेला असतो. तो राहिला की त्या ओळीत एक खांब कमी झाला. आणि दर ओळीला काम उलटत असल्यामुळे ही घट एकदा डाव्या, एकदा उजव्या काठाला होते, म्हणून तुकडा दोन्ही बाजूंनी सारखा निमुळता होत जातो. ज्या वाचकांचा तुकडा उलट वर रुंद होत जातो, त्यांनीही हीच जागा तपासावी. तीन साखळ्या घालून पुन्हा त्यांच्याच पायथ्याच्या टाक्यात खांब घातला, तर दर ओळीला एक टाका वाढतो.

उपाय अगदी साधा आहे. तीन साखळ्या घातल्या की लगेच तिसऱ्या साखळीत एक छोटी सेफ्टी पिन किंवा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवावा. परत येताना शेवटचा खांब त्या खुणेच्या जागी घालावा, खूण काढून वरच्या ओळीत न्यावी, आणि प्रत्येक ओळ संपली की टाके मोजावेत. हिशेब विभागात रोजच्या रोज ताळा पाहण्याची सवय असलेल्या तुम्हाला हे जड जाणार नाही. मोजणी कमी भरली तर तेवढी एक ओळ उसवायची. दहा ओळी झाल्यावर सगळेच उसवावे लागले, की मन खचते आणि मग आपण स्वतःच्या हाताला दोष देऊ लागतो.

आता प्रश्न असा उरतो, की ही चूक तुम्हाला महिनाभर दिसली कशी नाही. याचे उत्तर तुम्ही निवडलेल्या लोकरीत आहे. मखमली लोकर हाताला सुखद लागते, परंतु तिच्या लवेखाली टाक्याचा माथा पूर्ण झाकला जातो. त्यात रंग गडद, आणि वेळ रात्रीची. क्रोशाच्या प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर दोन दोऱ्यांची एक आडवी साखळी दिसते आणि सुई त्या दोन्ही दोऱ्यांखालून घालायची असते. एकाच दोऱ्याखालून घातली तर प्रत्येक ओळीवर एक कड उमटते आणि वीण सैल पडते. हा माथा दिसला तरच टाका मोजता येतो, आणि मोजता आला तरच चुकलेले कळते. अनुभवी व्यक्तीही मखमली लोकर बोटांनी चाचपत विणते. नवशिक्याने तिच्यावर शिकणे म्हणजे स्वतःवर अन्याय करून घेणे आहे. शिवाय ही लोकर वारंवार उसवली की तिची लव झडते आणि आतला दोरा उघडा पडतो.

म्हणून ती लोकर तूर्त कपाटात ठेवा. मेन रोड किंवा रविवार कारंजाच्या बाजूला गेलात, तर लोकर-दोऱ्याच्या दुकानातून फिकट रंगाची, गुळगुळीत, फारशी लव नसलेली, मध्यम जाडीची लोकर सरावापुरती एक गुंडी घ्या. पिवळा, आकाशी, मोतिया असा कोणताही फिकट रंग चालेल, फक्त रंगीबेरंगी मिश्र छटांची लोकर नको, कारण बदलत्या रंगांतही टाके हरवतात. सुई ५ मिलिमीटरची वापरा. ती तुमच्या संचात असेलच. गुंडीच्या वेष्टनावर सुईचा आकार छापलेला असतो, तोही पाहून घ्यावा. आणखी एक गोष्ट जरा मोकळेपणाने सांगते. तुम्ही ४१ वर्षांच्या आहात आणि दिवसभर संगणकावर आकडे पाहून रात्री दिव्याखाली विणता. जवळचे अंधुक दिसू लागण्याचे हेच वय असल्यामुळे चाळिशीचा नंबर आला आहे का, हे एकदा तपासून घ्या. पहिले काही दिवस तरी विणकाम सुट्टीच्या सकाळी, खिडकीजवळच्या उजेडात करा.

‘हे हातात असावं लागतं’ हे वाक्य तुमच्या मनात रुतले आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. क्रोशाचा इतिहास या समजुतीच्या बाजूने साक्ष देत नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते, तेथे तिच्या एका शाखेच्या काठी नरसापूर हे गाव आहे. त्या परिसरातील स्त्रियांनी विणलेली क्रोशाची लेस परदेशांत जाते आणि २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. आज ती तिथल्या मातीतलीच कला वाटते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिथे आलेल्या मिशनऱ्यांनी ती स्थानिक स्त्रियांना शिकवली, आणि त्यांनी ती पुढे लेकीसुनांना दिली. त्याच सुमारास, १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात, आयर्लंडमध्ये ख्रिस्ती मठांतील नन्सनी गरीब कुटुंबांतल्या स्त्रियांना चार पैसे मिळावेत म्हणून क्रोशाची लेस शिकवली आणि ‘आयरिश क्रोशे’ म्हणून ती जगभर नावाजली गेली. या दोन्ही ठिकाणी शिकणाऱ्या स्त्रियांच्या आया-आज्या क्रोशे विणत नव्हत्या. त्यांना शिकवणारे कोणी मिळाले, रोज सराव घडला आणि हात बसला. तुमच्या सासूबाईंचा हातही असाच बसला असणार. मात्र ज्याला एखादी गोष्ट चाळीस-पन्नास वर्षे येत आहे, त्याला आपण ती शिकलो कशी हे आठवत नाही आणि ती उपजतच वाटू लागते. त्यांचे वाक्य त्यांच्या विस्मरणातून आले असेल, अशी शक्यता तरी मनात ठेवा.

डावखुरेपणाबद्दल तुम्ही इतक्या संकोचाने लिहिले आहे, की लहानपणी तुम्हाला त्यावरून पुष्कळ ऐकावे लागले असावे असे वाटते. क्रोशामध्ये दोन्ही हात काम करतात. एक सुई चालवतो आणि दुसरा दोरा सोडतो, काम धरतो व ताण सांभाळतो. तुम्ही सुई डाव्या हातात धरावी. मग तुमच्या ओळी डावीकडून उजवीकडे जातील, एवढाच फरक. शब्दांत लिहिलेला नमुना तुम्हालाही जसाच्या तसा लागू पडतो. चिन्हांचा आराखडा असेल तर तो आरशातल्या प्रतिमेप्रमाणे उलटा वाचावा लागतो. व्हिडिओ पाहताना मोबाइल आरशासमोर धरून आरशात पाहिले, की उजव्या हाताने विणणारी व्यक्ती डाव्या हाताने विणताना दिसते. डावखुऱ्यांसाठी मुद्दाम केलेले व्हिडिओही आहेत. आजवर तुम्ही उजव्या हाताचे व्हिडिओ पाहून मनातल्या मनात प्रत्येक हालचाल उलटवत होता, त्यातच तुमचे निम्मे लक्ष खर्च होत होते. समोर बसलेली उजव्या हाताची व्यक्ती तर डावखुऱ्यासाठी चालता-बोलता आरसाच असते. सासूबाईंकडून शिकायचे ठरले, तर त्यांच्या शेजारी न बसता अगदी समोर बसा.

आणि त्यांच्याकडून शिकावे, असेच माझे मत आहे, पण ‘मला क्रोशे शिकवा’ असे सरसकट म्हणून नव्हे. त्या ज्या दोऱ्यात विणतात तो बहुधा २० किंवा ४० नंबरचा सुती दोरा असणार. या दोऱ्यांत नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, आणि त्याला एक-सव्वा मिलिमीटरची पोलादी सुई लागते. शिकवा म्हटले की त्या तोच दोरा आणि तीच सुई तुमच्या हाती देतील, कारण त्यांच्या दृष्टीने क्रोशे म्हणजे तेच. त्या कामाचे सौंदर्य निर्विवाद आहे, पण अजून टाका न ओळखणाऱ्या डोळ्यांना ते पेलत नाही. जाड लोकरीवर शिकलेले सगळे टाके पुढे बारीक दोऱ्यावर जसेच्या तसे चालतात, त्यामुळे लोकरीपासून सुरुवात करण्यात कमीपणा मुळीच नाही.

तेव्हा त्यांच्याकडे नेमका प्रश्न घेऊन जा. खोलीचे दार उघडा, फिकट लोकरीवरचा नवा तुकडा घेऊन त्यांच्यासमोर बसा आणि विचारा, ‘आई, ओळीचा हा शेवटचा खांब कुठे घालायचा, जरा दाखवता का?’ अशा प्रश्नाला ‘हातात असावं लागतं’ हे उत्तर देता येत नाही. सुई हातात घेऊनच उत्तर द्यावे लागते. त्यांनी तुमच्या लोकरीवर एक ओळ विणून दाखवली की त्यांचा हात सावकाश चालवायला सांगा आणि दोऱ्याचा ताण त्या कोणत्या बोटांवर घेतात ते पाहा. त्यांनी नकार दिला किंवा पुन्हा काही बोलल्या, तर तुम्हाला वाईट वाटेल हे खरे, पण दुपट्याचे काम त्यावाचून अडणार नाही. तुमच्या दोघींमधले इतर काही जुने असेल, तर ते या लोकरीवर सोडवण्याची अपेक्षा ठेवू नका.

त्यांच्याशी बोलताना मराठी नावेच वापरा, कारण व्हिडिओंतल्या नावांत एक मोठा गोंधळ आहे. खांबाहून बुटक्या ज्या टाक्याला आपण मुका खांब म्हणतो, त्याला अमेरिकन पद्धतीत ‘सिंगल क्रोशे’ आणि ब्रिटिश पद्धतीत ‘डबल क्रोशे’ म्हणतात. आपला नेहमीचा खांब अमेरिकेत ‘डबल’ आणि ब्रिटनमध्ये ‘ट्रेबल’ होतो. एकाच ‘डबल क्रोशे’ या नावाखाली निम्म्याहून कमी उंचीचा टाकाही येतो आणि पूर्ण खांबही. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ असे आले, की तो अमेरिकन पद्धतीचा समजावा, कारण ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाकाच नाही.

क्लासचे म्हणाल, तर व्हिडिओतून जे कधीच मिळत नाही ते क्लासमध्ये मिळू शकते, ते म्हणजे तुमचा तुकडा पाहणारी दुसऱ्याची नजर. व्हिडिओ हालचाल शंभर वेळा दाखवील, पण तुमचा शेवटचा खांब राहिला आहे हे तो सांगू शकत नाही. सासूबाईंनी ते सांगितले तर तुम्हाला क्लासची गरज नाही. त्यांनी नाही सांगितले, तर कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत घरगुती शिकवण्या घेणाऱ्या स्त्रिया विचारपूस केल्यावर सापडतात. पैसे भरण्यापूर्वी एवढे विचारा, की तुम्ही आणलेला तुकडा त्या तपासतील का, डावखुऱ्या व्यक्तीला त्यांनी शिकवले आहे का, आणि एका वेळी किती जणी असतात. पहिल्याच दिवशी बाहुली किंवा पर्स करून देण्याचे आश्वासन असेल, तर त्या वस्तूचा बराचसा भाग बाईच विणतील हे ओळखावे.

आता प्रत्यक्ष सरावाकडे वळू. तुम्ही थेट खांबांपासून सुरुवात केलीत. मी तुम्हाला मुक्या खांबापासून सुरुवात करायला सांगेन. सरकगाठ बांधून १६ साखळ्या घाला. सुईवरचा वेढा साखळीत मोजायचा नाही. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुई घालून दोरा ओढून घ्या, सुईवर दोन वेढे होतील. पुन्हा दोरा घेऊन तो दोन्ही वेढ्यांतून काढला की मुका खांब झाला. अशा १५ मुक्या खांबांची ओळ होईल. ओळ संपल्यावर काम उलटवून एकच साखळी घाला. ही साखळी बहुतेक नमुन्यांत टाका म्हणून मोजत नाहीत, म्हणून पहिला मुका खांब अगदी पहिल्याच टाक्यात येतो आणि काठ सांभाळणे सोपे जाते. दर ओळीला १५ मोजत जा आणि तुकडा चौकोनी होईपर्यंत विणा. मग खांब घ्या : १७ साखळ्या, सुईवर आधी दोऱ्याचा एक वेढा घेऊन सुईपासून चौथ्या साखळीत घाला, दोरा ओढा, सुईवर तीन वेढे येतील, आणि ते दोन-दोन करून सोडवा. सोडून दिलेल्या तीन साखळ्या हा पहिला खांब, म्हणून ओळीत पुन्हा १५ च भरतात. वर सांगितलेली सेफ्टी पिन इथे लागेल. अर्धा खांब या दोहोंच्या मधल्या उंचीचा असतो. त्यात सुईवरचे तिन्ही वेढे एकदम सोडवतात. या तीन टाक्यांवर आणि साखळीवर क्रोशाचा फार मोठा भाग उभा आहे.

ताणाबद्दल दोन गोष्टी सांगते. पायाची साखळी घट्ट झाली, तर तुकडा खालच्या बाजूने आकसून कमानीसारखा वाकतो. अशा वेळी साखळीपुरती अर्ध्या मिलिमीटरने जाड सुई वापरावी आणि मग नेहमीची घ्यावी. दुसरे असे, की वेढ्याचा आकार सुईच्या पूर्ण जाडीच्या दांड्यावर ठरतो, आकड्याजवळच्या निमुळत्या भागावर नाही. पुष्कळ नवशिके निमुळत्या भागावरच वेढा आवळतात आणि मग पुढच्या ओळीत त्या टाक्यात सुई शिरत नाही. दोरा करंगळीला एक वळसा देऊन तर्जनीवरून आणला, तर तो आपोआप एका वेगाने सुटतो. सुई पेनाप्रमाणे धरावी की सुरीप्रमाणे, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मनगट न दुखता ज्या पद्धतीने काम होते ती तुमची पद्धत. आणि क्रोशामध्ये सुईवर एका वेळी एकच जिवंत वेढा असतो, त्यामुळे सुई निघून आली तरी दोन सुयांवरच्या विणकामाप्रमाणे टाके खालपर्यंत ओघळत नाहीत. उसवण्याची भीती बाळगू नका. उठताना त्या एका वेढ्यात पिन अडकवून ठेवली की पुरे.

मुक्या खांबाचा आणि खांबाचा एकेक चौकोन सरळ काठाने झाला, की मग दुपट्याकडे वळा. त्याआधी नाही, असे मी आग्रहाने म्हणेन. दुपटे ७५ सेंटिमीटर लांब-रुंद धरले आणि १० सेंटिमीटरमध्ये साधारण १४ खांब व ७ ओळी बसतात असे मानले, तर एका ओळीत १०५ खांब आणि एकूण सुमारे ५२ ओळी, म्हणजे जवळपास साडेपाच हजार खांब होतात. नव्या हाताने तासाला ३०० खांब होतील असे धरले, तरी उसवणे सोडून १८ तास लागतात. नोकरी सांभाळून रोज अर्धा तास मिळाला तर हे पाच-सहा आठवड्यांचे काम आहे. तुमच्याकडे वेळ आहे, पण फार मोकळा नाही, आणि १०५ खांबांच्या ओळींत काठ सांभाळण्याची चिंता आहेच.

म्हणून माझी सूचना अशी, की सरळ ओळींचे दुपटे न करता मध्यापासून चारी बाजूंनी वाढत जाणारा जाळीचा चौकोन विणावा, ज्याला ‘ग्रॅनी स्क्वेअर’ म्हणतात. चार साखळ्यांचे कडे करून त्यात तीन-तीन खांबांचे चार गट घालायचे आणि प्रत्येक दोन गटांमध्ये दोन साखळ्या ठेवायच्या, हे चार कोपरे झाले. पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्याच्या मोकळ्या जागेत तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब असे घालायचे आणि बाजूंच्या प्रत्येक फटीत तीन खांबांचा एक गट. इथे सुई टाक्याच्या माथ्यात न घालता गटांमधल्या फटीत घालायची असते, त्यामुळे माथा शोधावा लागत नाही, आणि काम उलटवायचे नसल्यामुळे ज्या जागी तुमचा खांब हरवत होता ती जागाच या विणीत येत नाही. फेरी स्लिप स्टिचने (सुई टाक्यात घालून दोरा टाक्यातून आणि सुईवरच्या वेढ्यातून एकदम ओढून) जोडून बंद करायची आणि फक्त चारही बाजूंचे गट सारखे आहेत ना, एवढे पाहायचे. या चौकोनाची आणखी एक सोय मला तुमच्यासाठी फार महत्त्वाची वाटते. तो कोणत्याही फेरीवर थांबवता येतो. बारशाच्या आदल्या आठवड्यात तो ६० सेंटिमीटरचा झाला असेल तर ते लहान दुपटे, ९० चा झाला तर मोठे. अपुरे असे काही राहतच नाही.

बाळाच्या वस्तूसाठी लोकर बेबी प्रकारची, न टोचणारी आणि घरी धुता येणारी निवडा, सगळ्या गुंड्या एकाच रंग-लॉटच्या, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या, घ्या, आणि सुई ४ मिलिमीटरची वापरून वीण दाट ठेवा, कारण मोठ्या फटींत तान्ह्या बाळाची बोटे अडकतात. मणी, बटणे, लोंबते गोंडे लावू नका. बहिणीला हेही सांगा, की हे दुपटे मांडीवर घेताना किंवा मोठ्यांच्या नजरेसमोर गुंडाळण्यासाठी आहे; पहिल्या वर्षात बाळ झोपलेले असताना अंथरुणात कोणतेही सैल पांघरूण ठेवू नये.

विकतचे दुपटे आणण्याचा पर्याय मी मोडीत काढत नाही. बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची असतेच, त्यात एक तयार दुपटे आताच घेऊन ठेवा. ते घरात आले की तारखेचा धाक संपेल आणि तुम्ही विणायला बसाल ते केवळ विणण्यासाठी. धाकाने विणणाऱ्याचा हात घट्ट होतो आणि वीण कडक येते. पत्राच्या शेवटी तुम्ही ओघात लिहिले आहे, की कार्यालयातील मैत्रिणी ‘शिकलीस की ऑर्डर घे’ म्हणतात. त्या सूचनेचा विचार निदान वर्षभर करू नका. साडेपाच हजार खांबांची मजुरी लावून किंमत सांगितली तर गिऱ्हाईक थबकते, न लावता सांगितली तर आपली मेहनत फुकट जाते. घरात बसून लेस विणणाऱ्या नरसापूरच्या स्त्रियांना तर पिढ्यान्‌पिढ्या अत्यल्प मजुरी मिळत आली आहे.

शेवटची फेरी झाल्यावर दोऱ्याचे टोक १५ सेंटिमीटर ठेवून कापा, वेढ्यातून ओढून घ्या आणि बोथट टोकाच्या मोठ्या सुईने खांबांच्या गटांतून आधी एका दिशेने, मग उलट दिशेने ओवा. केवळ गाठ मारून टोक कापले, तर दोन धुण्यांत ते बाहेर येते, आणि तान्ह्या बाळाच्या बोटाभोवती सुटा दोरा गुंडाळला जाणे धोक्याचे असते, म्हणून प्रत्येक टोक ओढून तपासावे. मग दुपटे सौम्य साबणाच्या पाण्यात धुऊन, न पिळता, टॉवेलवर सपाट पसरून सावलीत वाळवा. अ‍ॅक्रिलिकची लोकर असेल तर इस्त्री अजिबात फिरवू नका; उष्णतेने ती चपटी आणि निर्जीव होते, आणि ते पुन्हा दुरुस्त करता येत नाही.